दोजिन्शीत सुपरमॅन का सापडत नाही

अरे, दोजिन्शी म्हणजे जपानी हौशी चित्रकारांनी स्वतः काढून छापलेले अंक. त्यांत सुपरमॅन का नाही हे कळायला आधी तोक्योचं कॉमिकेट, म्हणजे अशा अंकांची विक्री-जत्रा, समजून घे. १९७५ पासूनची ही जत्रा हल्ली ऑगस्ट आणि डिसेंबरात भरते. चित्रकार पदरचे पैसे घालून छापतो आणि वाट्याला आलेल्या अर्ध्या टेबलावर गठ्ठे मांडून बसतो. अंक प्रौढांसाठीचा असो वा साधा, मुखपृष्ठावरचं पात्र ओळखीचं असेल तरच येणारा थांबतो. तिथले वाचक साप्ताहिक मांगा (जपानी कॉमिक), अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) आणि गेमवर वाढलेले. अमेरिकन कॉमिकची भाषांतरं महाग, शिवाय डावीकडून उजवीकडे वाचायची, म्हणजे त्यांच्या दृष्टीने उलटी! बरेच जण अमेरिकन कंपन्यांच्या वकिलांच्या धाकाकडे बोट दाखवतात. मला ते दुय्यम वाटतं. जपानी पात्रांसाठी तरी लेखी परवानगी कोण घेतं? तुला शोधायचंच असेल, तर मार्व्हलच्या सिनेमांवरून काढलेले अंक बघ, ते मिळतात.