उंच इमारतीचा खालचा मजला कुणाचा?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी शहराच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींविषयी आहेत, त्यातही त्यांच्या पायथ्याशी चालणाऱ्या माणसांविषयी. मी आर्किटेक्ट म्हणून अशाच इमारतींच्या तळमजल्यांवर काम करते, त्यामुळे या वेळची उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न : आमच्या शहराच्या मध्यवर्ती चौकात, कोपऱ्याच्या प्लॉटवर चाळीस मजली इमारत येते आहे. हरकती-सूचनांसाठी नकाशे खुले केले आहेत. सोबतच्या रंगीत चित्रांत खाली झाडं, बाकं, रमतगमत जाणारी माणसं दिसतात. आम्ही त्या रस्त्याने रोज पायी जाणारे, तांत्रिक ज्ञान नसलेले लोक आहोत. नकाशात नेमकं काय पाहावं? उंची कमी करा, अशी हरकत घ्यावी का?

सगळी ताकद उंचीवर खर्च करू नका. फूटपाथवरून जाताना तुमचा संबंध येतो तो खालच्या एकदोन मजल्यांशी. चाळीस मजल्यांचे पस्तीस केले, तरी तुमच्या चालण्यात काही फरक पडणार नाही. तळमजला बदलला, तर रोजचा फरक पडेल.

रंगीत चित्रं बाजूला ठेवा आणि तळमजल्याचा नकाशा मागा, १:१०० प्रमाणातला. त्यावर इमारतीची रस्त्याकडची कड शोधा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेन्सिल फिरवा. माणसांसाठी दार दिसलं की एक खूण, गाडी आत-बाहेर जाण्याची जागा दिसली की दुसरी खूण. जिथे दोन्ही नाही आणि खिडकीही नाही, तिथे जाड रेघ ओढा. मी कुठल्याही नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत हेच करते, आणि त्या जाड रेघेची लांबी पाहून खोलीतली चर्चा बदलते.

माणूस साधारण ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे मिनिटाला ऐंशी मीटरच्या जरा वर. पन्नास मीटरच्या कोऱ्या भिंतीजवळून जायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. गाडीतल्या माणसाला ती भिंत जाणवतही नाही. चालणाऱ्याला मात्र ती लांब वाटते, रात्री तर फार लांब. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल यांनी शहरांतले रस्ते असेच पायी तपासले. शंभर मीटरमध्ये पंधरा-वीस दारं असतील, तर तो रस्ता चालणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जिवंत, असं त्यांनी मांडलं. म्हणजे दर पाच-सहा मीटरला काहीतरी नवं, चार-पाच सेकंदांत एक. तुमच्या नकाशात शंभर मीटरला लॉबीचं एक दार, एक बँक आणि पार्किंगचा रॅम्प एवढंच सापडलं, तर चित्रातली रमतगमत जाणारी माणसं तिथे येणार नाहीत.

असं होतं, कारण इमारतीला लागणारी प्रत्येक गोष्ट रस्त्याला तळमजल्यावरच भिडते. गाड्यांचा रॅम्प, मालाच्या गाडीची जागा, कचऱ्याची खोली, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, मीटर रूम, आगीच्या वेळी सुटकेच्या जिन्याची दारं. प्रत्येकाची मागणी रास्त आहे. ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज कंपनीची गाडी केव्हाही पोचली पाहिजे आणि सुटकेचा जिना बाहेरच उघडला पाहिजे. पण आधी वरचा टॉवर आखायचा आणि या गोष्टी शेवटी उरलेल्या जागेत बसवायच्या, असं केलं की त्या नेमक्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर येऊन बसतात. म्हणून टॉवरचा आकार ठरण्याआधी त्यांची जागा ठरायला हवी. तुमचा प्लॉट कोपऱ्याचा आहे, त्याला दोन रस्ते आहेत. ज्या रस्त्यावर पायी माणसं कमी, तिथे यंत्रं आणि गाड्या न्या आणि मोठा रस्ता पूर्णपणे दारं-खिडक्यांना द्या, असं हरकतीत स्पष्ट लिहा. मुख्य रस्त्याकडच्या एकूण लांबीपैकी किती मीटर दारं-खिडक्यांना, किती गाड्यांना आणि किती यंत्रांना, हा तक्ता लेखी मागा. आकड्यांत विचारलेल्या प्रश्नाला ‘सूचनेची नोंद घेतली’ एवढं उत्तर देणं अवघड जातं.

तळमजल्याच्या लगेच वरच्या तीन-चार मजल्यांवर पार्किंग आहे का, तेही पाहा. खाली दुकानं आणि वर जाळीआडच्या गाड्या, ही रचना सर्रास दिसते. शहरांविषयी लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावरच्या ‘डोळ्यां’विषयी लिहिलं. रस्ता सुरक्षित राहतो तो खिडक्या-दारांतून त्याच्यावर सहज नजर असते म्हणून. चार मजले गाड्या उभ्या केल्या, तर त्या नजरेला जागाच उरत नाही, आणि त्यांच्याही वरून रस्त्यावरचा चेहरा ओळखू येत नाही. पार्किंग तळघरात नेणं शक्य नसेल, तर रस्त्याच्या बाजूने आठ-दहा मीटर खोलीच्या घरांचा किंवा कार्यालयांचा एक थर लावून ते झाकता येतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरने आपल्या मध्यवर्ती भागात खालच्या मजल्यांचा हा विचार नेटाने केला. खाली तीन-चार मजल्यांचा पोडियम, म्हणजे टॉवरखालचा रुंद, बसका भाग, त्यात रस्त्यावर उघडणारी घरं, प्रत्येकाला स्वतःच्या पायऱ्या आणि स्वतःचं दार. टॉवर वर, सडपातळ, मजल्याला सुमारे ६०० चौरस मीटर, आणि दोन टॉवरांत ८० फूट अंतर. तिथे घनता कमी केलेली नाही, फक्त जमिनीजवळचा भाग माणसाच्या मापाचा ठेवला आहे.

काचेबद्दलही विचारा. नकाशातली काच नेहमी स्वच्छ पारदर्शक असते, प्रत्यक्षात तिच्यावर फिल्म किंवा जाहिरात चिकटते. न्यूयॉर्कच्या नियमांत बऱ्याच व्यापारी रस्त्यांसाठी अट आहे, की तळमजल्याच्या दर्शनी भागातला २ ते १२ फूट उंचीमधला किमान निम्मा भाग आरपार दिसणारा हवा. तिथल्याच अपर वेस्ट साइड भागात २०१२ पासून नव्या बँकेला रस्त्यावर २५ फुटांपेक्षा जास्त दर्शनी लांबी घेता येत नाही. जास्त जागा हवी असेल, तर ती मागे किंवा वर घ्यावी. बँकेवर कुणाचा राग नाही, पण तिची तीस मीटर काच एकाच दारासाठी सहा दुकानांची जागा अडवते.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या टॉवरच्या कोपऱ्यावर वळलं की वारा अक्षरशः ढकलतो. शंभर पावलं मागे हवा शांत असते. हा इमारतीचा परिणाम की नुसता भास?

इमारतीचाच परिणाम आहे. उंचावर वारा जास्त वेगाने वाहतो. तो रुंद, सपाट दर्शनी भागावर आपटतो, आणि उंचीच्या साधारण वरच्या एक-तृतीयांशाच्या खाली आपटलेली हवा भिंतीवरून खाली घसरते. पायथ्याशी ती वळते आणि कोपऱ्यांवरून वेगाने निसटते. दोन इमारतींमधल्या फटीत किंवा खांबांवर उचललेल्या तळमजल्यातून तोच वारा आणखी जोर धरतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस या ३२ मजली इमारतीच्या पायथ्याशी २०११ मध्ये वाऱ्याने एक ट्रक उलटला आणि त्याखाली सापडून पायी जाणाऱ्या माणसाचा जीव गेला. त्यानंतर शेजारच्या रस्त्यावर प्रचंड पडदे उभारावे लागले. जे नकाशावर काही रेघा हलवून साधलं असतं, त्यासाठी नंतर रस्त्यावर लोखंड उभं करावं लागलं.

उपाय माहीत आहेत. टॉवर पोडियमच्या कडेपासून आत घेतला, तर खाली येणारा वारा पोडियमच्या गच्चीवर पडतो (मग त्या गच्चीवर बसायची जागा दाखवू नये, हे ओघाने आलं). कोपरे गोल किंवा तिरपे केले तर वेग कमी होतो. फूटपाथवर रुंद छज्जा हवा. झाडं मदत करतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. अशा वाऱ्यात कोवळं झाडच आधी मोडतं. सॅन फ्रान्सिस्कोने मध्यवर्ती भागासाठी १९८५ पासून मर्यादा घातली आहे. चालण्याच्या जागी ताशी ११ मैल आणि बसण्याच्या जागी ताशी ७ मैल वाऱ्याची पातळी, दिवसभरातल्या वर्दळीच्या काळात दहा टक्क्यांहून जास्त वेळ ओलांडली जाता कामा नये. नव्या इमारतीचा वाऱ्याचा अहवाल मागाल तेव्हा शेजारी मंजूर झालेल्या, अजून न उठलेल्या इमारती त्यात धरल्या आहेत का, ते जरूर बघा.

प्रश्न : आमच्या टॉवरपुढे भलंमोठं मोकळं आवार आहे, ग्रॅनाइटचं, सुबक. कायम ओस. लोक पलीकडच्या फूटपाथवर उभं राहून जेवणाची सुट्टी घालवतात. एवढी जागा देऊनही लोक का येत नाहीत?

कारण बसायला जागा नसावी. ऐकायला साधं वाटतं, पण हे शिकायला न्यूयॉर्कला दीड दशक लागलं. १९५८ मध्ये सीग्राम बिल्डिंग पार्क ॲव्हेन्यूपासून मागे सरकवून पुढे खुलं आवार ठेवून बांधली गेली आणि ते लोकांना आवडलं. १९६१ च्या नियमांनी मग त्याला बक्षीस लावलं. सर्वाधिक घनतेच्या भागांत एक चौरस फूट खुलं आवार दिलं, की दहा चौरस फूट जादा बांधकाम मिळे. आवारं भराभर झाली आणि बरीचशी ओस पडली. शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात या आवारांत कॅमेरे लावून तासन्‌तास चित्रण केलं, माणसं मोजली. आकार, वास्तुशैली, सावली सगळं तपासून त्यांचा निष्कर्ष असा, की माणसं तिथे बसतात जिथे बसायची सोय असते. १ ते ३ फूट उंचीचा कुठलाही सपाट कठडा चालतो, हलवता येणारी खुर्ची सर्वांत उत्तम. खुर्ची हलवता आली की सावली, ऊन, सोबत किंवा एकांत ज्याचा तो निवडतो. सीग्रामचे कठडे बसण्याजोगे होते, नकला करणाऱ्यांनी कठड्यांवर खिळे आणि कुंड्या लावल्या. १९७५ मध्ये न्यूयॉर्कने नियम बदलून बैठका सक्तीच्या केल्या.

आणखी एक गोष्ट व्हाइट यांना दिसली. आवार फूटपाथपेक्षा फार वर किंवा फार खाली असेल, तर माणूस तिकडे वळत नाही. रस्त्यावरून सहज नजर जाईल आणि पाय आपसूक वळतील, इतपतच फरक असावा.

तुमच्या व्यवस्थापनाला खुर्च्या ठेवायला सांगा. चोरीला जातील म्हणतील. काही जातीलही, बदलता येतात. कडेच्या लॉबीच्या भिंतीत चहा-कॉफीचा एक छोटा गाळा उघडला, तर आवारावर दिवसभर कुणाचं तरी लक्षही राहील. मात्र प्रत्येक टॉवरने आपापलं आवार पुढे ठेवावं, हे मला मुळीच पटत नाही. सलग पाच इमारती मागे सरकल्या, की रस्त्याला कडच उरत नाही. एका रस्त्याला एक चांगलं आवार पुरतं, बाकीच्या इमारतींनी फूटपाथला येऊन भिडावं आणि तो रुंद ठेवावा.

प्रश्न : मी बांधकाम क्षेत्रात अभियंता आहे. तुमचे विचार वाचायला छान आहेत, पण सुरक्षेसाठी कुंपण लागतं, अग्निशमनाच्या गाडीला फिरायला जागा लागते, शेकडो मोटारी आत-बाहेर जातात. हे सोडून दारं कुठे उघडायची?

तिन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्यांच्या नावाखाली गरजेपेक्षा जास्त रस्ता घेतला जातो. आगीच्या गाडीला वजन पेलणारी, अडथळा नसलेली पट्टी लागते. ती डांबरीच असली पाहिजे आणि कुंपणाआडच असली पाहिजे, असं नाही. वजन पेलणाऱ्या फरसबंदीवर एरवी माणसं चालू शकतात. सुरक्षेची हद्द प्लॉटच्या कडेऐवजी इमारतीच्या भिंतीवर आणा, दुकानं हद्दीबाहेर आणि लॉबीचं दार हेच गेट. यात पहारेकऱ्यांची संख्या वाढत नाही.

मोटारींसाठी एकच प्रवेश पुरतो, बहुतेक वेळा तो उगाच दोन-तीन ठिकाणी दिलेला असतो. त्याहून मोठा प्रश्न फूटपाथचा आहे. गेट आलं की फूटपाथ खाली उतरतो, गाडी सरळ जाते आणि चालणारा थांबतो. हे उलटं करा. फूटपाथ त्याच पातळीवर, त्याच फरशीत सलग न्या, आणि गाडीला चढून, हळू होऊन तो ओलांडू द्या. तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पचा शेवट फूटपाथच्या कडेलाच करू नका. आधी किमान एक गाडीभर, पाच-सहा मीटर सपाट जागा द्या, म्हणजे चालकाला समोरचं मूल दिसेल. चढावर असताना त्याला बॉनेट आणि आकाशच दिसतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तुमच्यासारख्या अभियंत्याने बैठकीत हे बोलून दाखवलं, तर आमच्या दहा नकाशांपेक्षा जास्त काम होईल.

प्रश्न : रस्त्यावर गर्दी फार म्हणून टॉवरांना पहिल्या मजल्यावर जोडणारे पूल बांधावेत का?

अमेरिकेतल्या मिनियापोलिसने १९६२ पासून आणि कॅनडातल्या कॅल्गरीने १९७० पासून तसे बांधले, कारण तिथली थंडी असह्य असते. थंडीत सोय झाली, पण दुकानं आणि माणसं वर गेली आणि खालच्या रस्त्याची रया गेली. शिवाय हे पूल रात्री इमारतीसोबत बंद होतात. आधी खालचा फूटपाथ रुंद करा आणि सिग्नलला चालणाऱ्यांचा वेळ वाढवा. रेल्वेमार्गासारखा खरोखर न ओलांडता येणारा अडथळा असेल तरच पूल बांधा.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरते. आमच्या भागातल्या नव्या इमारतींचं जोतं पाणी तुंबण्याच्या भीतीने मीटरभर उंच असतं. पायऱ्या पुढे, रॅम्प मागे कुठेतरी. यावर मार्ग नाही का?

आहे. पातळीतला फरक फूटपाथवर किंवा दारापुढे न सोडवता दाराच्या आत सोडवायचा. दार फूटपाथच्या पातळीला, आत छोटी प्रवेशिका, आणि तिथे पायऱ्यांशेजारीच उतार किंवा लिफ्ट, दोन्ही एकाच जागेतून. प्रवेशिकेची फरशी आणि भिंती पाण्याने खराब न होणाऱ्या ठेवायच्या, विजेची यंत्रणा वरच्या पातळीवर न्यायची, दारात पुराच्या वेळी बसवायच्या फळ्यांच्या खाचा ठेवायच्या. १:१२ उताराने मीटरभर चढायला बारा मीटर लांबी लागते, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. म्हणून हे सुरुवातीच्या नकाशातच यावं लागतं. दुकानांपुरतं जोतं कमी ठेवून फक्त घरं आणि यंत्रं वर नेणं हा त्याहून सोपा मार्ग. तुमच्या भागात नव्या नकाशांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा ‘मुख्य दारातूनच, पायऱ्यांविना प्रवेश’ एवढी एक ओळ प्रत्येक वेळी लिहून द्या, आणि शेजाऱ्यांच्या सह्याही घ्या. लहान मुलांच्या ढकलगाड्या नेणारे आणि म्हातारी माणसं आनंदाने सही करतील.