ग्रीक बेटावर शाकाहारी जेवण

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मी, यजमान आणि सासूबाई असे तिघे सांतोरिनी आणि नाक्सोस या ग्रीक बेटांवर जाणार आहोत. सासूबाई आणि मी पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. तिथे पाव आणि सॅलडवरच दिवस काढावे लागतील का? बिलात काय पाहावे? यजमानांना उझो ही ग्रीक दारू चाखायची आहे, त्याविषयीही सांगावे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण निश्चिंत असावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासाचे दिवस इतके आहेत की, मांस, अंडी आणि दूध टाळून भाजी-कडधान्ये ऑलिव्ह तेलात शिजवण्याची कला ग्रीक घरांत फार जुनी आहे. अशा पदार्थांना तिथे ‘निस्तीसिमो’ म्हणतात आणि हा शब्द पाठ करून जावा. मात्र ऑक्टोपस, माकूल आणि शिंपल्या त्यांच्या उपवासाला चालतात, म्हणून मासळीही नको, हे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे लागेल.

सांतोरिनीची खासियत म्हणजे फावा. हे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण असते, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घालतात; आपल्या सासूबाईंना ते पहिल्या घासापासून ओळखीचे वाटेल. कधी त्यावर ऑक्टोपसचे तुकडे घालतात, तेव्हा आधी विचारावे. तिथल्या टोमॅटोची भजीही चवदार असतात, पण पिठात अंडे आहे का, याची खात्री करावी. भात भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांना गेमिस्ता म्हणतात; त्यात कधी खिमा मिसळलेला असतो. टोमॅटोच्या रसात भाजलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याला गिगांतेस म्हणतात, तर उकडलेल्या रानभाज्यांवर तेल आणि लिंबू पिळले की ती होर्ता. नाक्सोसचे बटाटे प्रसिद्ध आहेत. चीज मात्र जपून घ्यावे, कारण पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या किंवा करडाच्या पोटातील रेनेट वापरतात.

घरून शेंगांची कोरडी चटणी आणि कडक भाकरी अवश्य न्यावी, पण पेढे किंवा तूप नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत.

बिलाबाबत सांगायचे, तर न मागता टेबलावर येणारा पाव बहुधा फुकट नसतो. नको असल्यास लगेच परत करावा. पावती दिली नाही, तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही, असा तिथला नियम असून मेन्यूवर तो छापलेला असतो. टिप ऐच्छिक आहे. सांतोरिनीत पिण्यासाठी बाटलीबंद पाणी घ्यावे. ज्वालामुखीमुळे तयार झालेल्या, खोल दरीसारख्या काल्देऱ्याच्या कडेवरील हॉटेलांत देखाव्याचेही पैसे मोजावे लागतात, म्हणून मला गावाच्या आतल्या गल्लीतली ताव्हेर्ना, म्हणजे साधी खाणावळ, अधिक पसंत आहे. ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवायला बसतात. सासूबाईंसाठी लवकर गेलात, तर जागाही निवांत मिळेल.

उझो ही बडीशेपेसारख्या वासाच्या अ‍ॅनिसची कडक दारू आहे. पाणी घातले की त्यातले तेल विरघळलेले राहत नाही आणि पेला दुधासारखा पांढरा होतो, त्यामुळे ती खराब आहे असे समजू नये. यजमानांनी ती रिकाम्या पोटी घेऊ नये. ग्रीक लोकही सोबत छोट्या बशांतले खाणे मागवून ती घोट-घोट, तासभर लावून पितात.