अब्बांना ‘नाही’ कसं म्हणू?

प्रश्न : अब्बांनी उभा जन्म हर्णैच्या समुद्रात तांडेलकी, म्हणजे होडीची कप्तानी, केली. आता नजर अधू झालीय, तरी होडीवर जायचा हट्ट सोडत नाहीत. समजवायला गेलो की माझाच आवाज चढतो. कुराणात आईवडिलांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका असं आहे. मग मी गप्प बसायचं का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : नाही भाऊ, गप्प बसू नका. कुराणातल्या सूरह (अध्याय) बनी इस्राईलच्या ज्या २३व्या आयतीत (वचनात) ‘उफ्’ मना आहे, तिथेच त्यांच्याशी अदबीने बोला असंही आहे. म्हणजे बोलायचं आहेच.

सूरह मरयमच्या ४२ ते ४५ या आयती शांतपणे वाचा. वडिलांची उपासनाच चुकतेय, असं प्रेषित इब्राहीम अलैहिस्सलाम (त्यांच्यावर शांती असो) त्यांना सांगतायत. बाप-लेकात याहून मोठा मतभेद कुठला? ‘तुमच्याकडे नाही ते ज्ञान माझ्याकडे आलंय’ हेसुद्धा ते सांगून टाकतात! पण चारही आयतींत ‘अब्बा’ अशी हाक आहे आणि शेवटी ‘तुमच्यावर अजाब (अल्लाहची शिक्षा) येईल याची मला भीती वाटते’ ही काळजी आहे. मुद्दा एकही गाळलेला नाही. वडील दगडांनी मारायची धमकी देतात, चालता हो म्हणतात. तरी मुलगा त्यांना सलाम करून, त्यांच्यासाठी माफी मागेन म्हणून बाजूला होतो. ही आयत वाचताना मला अजून भरून येतं.

सूरह हूदमधले प्रेषित नूह अलैहिस्सलाम तर आपल्या दर्यावर्दी माणसांचेच. डोंगराएवढ्या लाटा, बाप तारवात, मुलगा बाहेर. अशा वेळी कुणीही खेकसलं असतं. त्यांची हाक मात्र ‘बाळा, आमच्याबरोबर चढ’ अशी आहे. मुलगा चढला नाही, बुडाला.

दोन्हीकडे समोरच्याने ऐकलं नाही, हे लक्षात ठेवा. तुमचे अब्बा ऐकतीलच असं मीही सांगत नाही.

खलाशांसमोर विषय काढू नका. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, घरी, दोघंच असताना बोला. ‘तुम्हाला दिसत नाही’ असं म्हणण्याआधी ‘अब्बा, मला भीती वाटते’ म्हणा. संध्याकाळच्या मासळी लिलावाला त्यांना सोबत न्या, जाळं कुठे टाकायचं ते त्यांनाच विचारा. आणि डोळे अजून दाखवले नसतील तर आधी दापोलीला घेऊन जा. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो.