विचारा, सांगते : रॅम एक, वापरणारे अनेक

प्र. मुलासाठी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स टाकलं. ‘फ्री’ कमांड ७.२ जीबीच दाखवते. दुकानदार म्हणतो, सगळ्यांचं असंच असतं. रॅम खराब तर नाही ना?
– एक वाचक, चिपळूण

दुकानदार या वेळी तरी खरं बोलतोय. तुम्ही कळवलेल्या मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे, त्याला स्वतःची रॅम नाही, म्हणून ते तुमच्या ८ जीबीतली वापरतं. लॅपटॉप सुरू झाल्यावर लिनक्स जागं व्हायच्या आत बायोस (मशीन सुरू करणारा, चिपमध्येच असलेला प्रोग्रॅम) त्यातला एक तुकडा, बहुतेकदा ५१२ एमबीचा, बाजूला काढतो आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीचा जो नकाशा देतो त्यात त्यावर ‘राखीव’ असं लिहून ठेवतो. कर्नल तिकडे फिरकत नाही.

शिवाय कर्नलचा स्वतःचाही खर्च असतो. तो मेमरी ४०९६ बाइटच्या पानांत मोजतो आणि दर पानामागे ६४ बाइटची नोंद ठेवतो. ८ जीबीला या नोंदींचेच १२८ एमबी झाले. वर कर्नलचा कोड वगैरे. हिशोब जुळला.

बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर’ नावाची सेटिंग असेल तर ती वाढवू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर गरज पडेल तशी साधी पानंही मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. राखीव तुकडा मात्र रिकामा पडून राहिला तरी दुसऱ्या कुणाच्या कामाला येत नाही.

प्र. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसरच्या बोर्डला कॅमेरा जोडला आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर मी लिहिते आहे. चित्र कृष्णधवल, एका पिक्सेलला एक बाइट. मधूनच चित्रात बारीक आडव्या रेघा येतात आणि त्या रेघांत आधीच्या फ्रेमचा तुकडा दिसतो. डीएमए (कॅमेऱ्याने प्रोसेसरला वगळून थेट रॅममध्ये लिहिणं) सुरू करण्याआधी मी बफरची, म्हणजे चित्रासाठी ठेवलेल्या मेमरीची, कॅश साफ करते, तरीही. शोधायला म्हणून मध्ये ‘प्रिंटके’ (कर्नलमधून संदेश छापणारा कॉल) टाकलं की रेघा जवळजवळ नाहीशा होतात! सर म्हणतात, केबल बदला.
– एक विद्यार्थिनी, सांगली

केबलला हात लावू नकोस. चित्र मोठं कर आणि एका रेघेची लांबी मोज. ३२ पिक्सेल भरेल, नाहीतर ३२ च्या पटीत. बफरमधला तिचा पत्ताही ३२ ने भाग जाणारा निघेल. केबलमधला बिघाड इतका शिस्तीचा नसतो. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी. तिच्यात डेटा लाइनीलाइनीने येतो. कॉर्टेक्स-ए९ ची कॅश लाइन ३२ बाइटची आहे आणि तुझा एक पिक्सेल एक बाइटचा, यातच सगळं आलं.

कॅमेरा डीएमएने थेट रॅममध्ये लिहितो. तुझा प्रोसेसर वाचतो ते कॅशमधून. रॅममधला बाइट म्हणजे मूळ सातबारा आणि कॅशमधला म्हणजे घरात ठेवलेली झेरॉक्स. कॅमेऱ्याने परस्पर फेरफार नोंदवून घेतला आणि तुझा प्रोसेसर जुनी झेरॉक्स नाचवत बसलाय. इंटेल-एएमडीच्या डेस्कटॉपवर हे सहसा होत नाही. तिथे डिव्हाइसने रॅममध्ये लिहिलं की कॅशमधली प्रत हार्डवेअरच रद्द करतं. बऱ्याच छोट्या एआरएम चिप्समध्ये ही राखण नसते, ती कर्नलला करावी लागते. म्हणूनच लॅबच्या पीसीवर गुमान चाललेला कोड बोर्डवर गेला की रडायला लागतो.

आता खरा प्रश्न: आधी कॅश साफ करूनही रेघ का येते? कारण प्रोसेसर आगाऊ आहे. तू शेजारचा बफर वाचत असलीस की पुढचं लागेलच अशा अंदाजाने तो न मागता पुढच्या लाइनी कॅशमध्ये ओढून ठेवतो. त्या नेमक्या कॅमेऱ्याकडे दिलेल्या बफरच्या असू शकतात. तू साफसफाई केलीस, डीएमए सुरू झाला, प्रोसेसरने जुन्या फ्रेमच्या दोन-चार लाइनी उचलल्या आणि मग कॅमेऱ्याने तिथे नवं लिहिलं. झाली रेघ तयार. या आगाऊपणामुळे एआरएमवर डीएमए संपल्यानंतर पुन्हा एकदा कॅश रद्द करावी लागते. लिनक्सच्या एआरएम शाखेत ही दुरुस्ती रसेल किंग यांनी २००९-१० च्या सुमारास केली.

आधीची सफाई मात्र बंद करू नकोस. कॅशमध्ये प्रोसेसरने लिहिलेला पण रॅममध्ये न उतरलेला माल शिल्लक असेल, तर तो पुढे कधीतरी उतरतो आणि कॅमेऱ्याने नुकत्याच लिहिलेल्या चित्रावर बसतो.

‘प्रिंटके’चा चमत्कारही यातलाच. तुझा कन्सोल सिरियल असणार. ११५२०० च्या वेगाला साठ अक्षरांची ओळ छापायला पाचेक मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात इतर कामांचा डेटा कॅशमध्ये येतो, जुन्या लाइनी बाहेर ढकलल्या जातात आणि तू वाचतेस ते ताजं असतं. प्रिंट टाकल्यावर पळणारा बग दिसला की माझा पहिला संशय कॅशवर आणि दुसरा वेळेच्या गणितावर.

करायचं काय? स्वतः लिहिलेला कॅशचा कोड काढून टाक. ‘डीएमए_मॅप_सिंगल’ला बफर आणि दिशा, म्हणजे ‘फ्रॉम_डिव्हाइस’, दे. तिथपासून ‘डीएमए_अनमॅप_सिंगल’पर्यंत तो बफर कॅमेऱ्याचा. त्यात डोकावायचंसुद्धा नाही. तेच बफर फिरवून वापरत असशील तर दर वेळी अनमॅप नको. वाचण्याआधी ‘डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू’ आणि परत देताना ‘डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस’. या चिपवर आधी काय, नंतर काय, हे कर्नलला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. डेस्कटॉपवर यातले बहुतेक कॉल जवळपास काहीच करत नाहीत. तुझ्या बोर्डवर ते राबतात.

मॅपकडून मिळालेला पत्ताच कॅमेऱ्याला दे, स्वतः काढलेला फिजिकल पत्ता नको. रास्पबेरी पाय ३ घे. प्रोसेसरच्या लेखी रॅम शून्यापासून सुरू होते, पण डीएमए इंजिनला तीच रॅम सी आणि पुढे सात शून्यं, या हेक्स पत्त्यापासून दिसते. तुझ्या बोर्डवर दोन्ही पत्ते एकच निघतीलही, पण तो योगायोग समज.

आणखी एक सापळा. बफर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवू नकोस, आणि एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मोजणीच्या व्हेरिएबलला चिकटूनही नको. दोघं एकाच कॅश लाइनमध्ये आले तर लाइन रद्द होताना तुझी मोजणीही जाते, आणि हा बग शोधताना माणूस देव आठवतो. बफर ‘केमॅलॉक’ने, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागणाऱ्या कॉलने, स्वतंत्र घे.

सर कदाचित म्हणतील, ‘डीएमए_अलॉक_कोहिरंट’ वापरा की. वापरलंस तर रेघा नक्की जातील. पण या चिपवर ती मेमरी सहसा कॅशविना मिळते, आणि ६४०×४८० च्या चित्रातले ३ लाख ७ हजार २०० बाइट प्रोसेसरने एकेक करून रॅममधून आणायचे म्हटलं की फ्रेमरेट झोपतो. डिस्क्रिप्टरच्या छोट्या रिंगला (डिव्हाइसला द्यायच्या कामांच्या यादीला) ती उत्तम, चित्राला नको. आणि कर्नल बांधताना ‘डीएमए एपीआय डीबग’ चालू ठेव. दिशा चुकली, अनमॅप राहिलं, स्टॅकचा पत्ता दिला, या चुका तो लॉगमध्ये नावानिशी सांगतो.

प्र. फोनवर व्हिडिओ घेताना तेच चित्र पडद्यावरही दिसतं आणि फाइलमध्येही जातं. मग कर्नल दोन प्रती करतो का?
– एक वाचक, ठाणे

नाही, आणि करू लागला तर बॅटरीचं काही खरं नाही. १९२०×१०८० ची एक फ्रेम, पिक्सेलला दीड बाइट धरला तर ३१ लाख बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ९३ एमबी. एक प्रत करायची तर तेवढं वाचायचं आणि तेवढंच पुन्हा लिहायचं.

त्याऐवजी फ्रेम एकाच जागी राहते आणि कॅमेरा, पडदा व व्हिडिओ एन्कोडर या तिघांचे ड्रायव्हर तीच वापरतात. पूर्वी हे चिप बनवणारा जो तो आपल्या पद्धतीने करायचा. मार्च २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.३ मध्ये त्यासाठी ‘डीएमए-बफ’ ही सामाईक सोय आली. त्या कामात सुमित सेमवाल पुढे होते. बफरला उघडलेल्या फाइलसारखा एक क्रमांक मिळतो. तो ज्याच्या हाती दिला त्याचा ड्रायव्हर बफरला जोडला जातो. शेवटच्या वापरणाऱ्याने सोडल्याशिवाय मेमरी मोकळी होत नाही. कॅमेऱ्याचं लिहून व्हायच्या आत पडद्याने वाचू नये म्हणून ‘फेन्स’ नावाच्या खुणा असतात. मला विचाराल तर मेमरी वाटून घेणं सोपं, या खुणा सांभाळताना ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे केस पिकतात.

प्र. थंडरबोल्टला (लॅपटॉपच्या वेगवान पोर्टला) लावलेलं उपकरण लॅपटॉपची सगळी मेमरी वाचू शकतं, असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, पणजी

असं उपकरणही डीएमए करतं, त्यामुळे मध्ये कुणी अडवलं नाही तर वाचू शकतं. अडवायचं काम आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर करतं. डिव्हाइसने मागितलेला प्रत्येक पत्ता ते कर्नलने भरलेल्या तक्त्यात तपासतं आणि तिथे नसेल तर नाकारतं. मात्र ते ४०९६ बाइटच्या पानाच्या हिशोबाने चालतं. १५०० बाइटचं नेटवर्कचं पॅकेट द्यायला गेलात तर त्याच पानावरचं बाकीचंही उघडं पडतं. अशा फटी २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ‘थंडरक्लॅप’ या नावाने दाखवल्या. इंटेलच्या मशीनवर बाहेरून जोडलेल्या अशा उपकरणांसाठी लिनक्स आता अर्धवट वापरलेलं पान उघडं करत नाही. तेवढा मजकूर वेगळ्या पानावर उतरवून तेच दाखवतं. वेग थोडा जातो, जाऊ दे.

तुमच्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘व्हीटी-डी’, एएमडी असेल तर ‘आयओएमएमयू’, चालू आहे का बघा. आणि विमानतळावर अनोळखी माणसाचा डॉक लावू नका.