मुलीला पॉलिसी, मुलाला वर्कशॉप, बहिणीचं काय?

वाचकाचं पत्र: माझं वय 66. धाकट्या भावाबरोबर 50-50 भागीदारीत इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे, 1994 पासून. माझा मुलगा (34) नऊ वर्षं माझ्या हाताखाली आहे, पगार महिना 35 हजार. मुलगी (31) नोकरी करते, लग्न झालंय. धंदा मुलाला द्यायचा आहे. माझ्या हिश्शाचे 2 कोटी सहज होतील. मुलीवर अन्याय नको म्हणून एजंटने तिच्या नावावर पॉलिसी सुचवली: वर्षाला 6 लाख, 10 वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर 1 कोटी, गॅरंटीड आणि टॅक्स-फ्री. पहिला चेक दिलाय, पॉलिसी अजून हातात आलेली नाही. मला फर्ममधून वर्षाला 12 लाख सुटतात, घरखर्च महिना 50 हजार, एफडी 18 लाख, नॉमिनी मुलगा. वर्कशॉपचा गाळा वडिलांनी घेतलेला, त्यांच्याच नावावर आहे. ते 2009 मध्ये गेले, आई 2016 मध्ये. मृत्युपत्र कुणाचंच नव्हतं. बहिणीने कधी काही मागितलेलं नाही, ती सही करेल. भावाशी या विषयावर बोलणं झालेलं नाही, पण आमच्यात कधी वादही झालेला नाही. मुलगा समजूतदार आहे, त्याला वेगळं सांगायची गरज नाही. कॅश क्रेडिटसाठी (धंद्याच्या खेळत्या भांडवलाचं बँक-कर्ज) राहतं घर तारण आहे, घर आम्हा नवरा-बायकोच्या नावावर. पॉलिसी बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. पॉलिसीचं आधी उरकतो, कारण तुमच्या पत्रातली ती सगळ्यात लहान चूक आहे.

60 लाख भरून 1 कोटी, म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के. टॅक्स-फ्री तर नाहीच. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर गेला की मुदतीनंतर मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो, आणि तुमचा हप्ता बरोबर 6 लाखांचा आहे. त्यातून विमा आहे मुलीच्या आयुष्याचा आणि हप्ते भरणार तुम्ही. उद्या तुमचं काही झालं, तर खास रायडर (तुमच्यानंतरचे हप्ते माफ करणारी जोड) घेतलेला नसेल तोवर कंपनी एक रुपया देणार नाही. हप्ते थांबतील आणि 1 कोटीचं काहीतरी किरकोळ होईल. एजंटने हे सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आता हे 6 लाख कुठून येणार ते बघा. 12 लाखांतून घरखर्चाचे 6 गेले, उरलेले 6 पॉलिसीत. म्हणजे तुम्हाला वयाच्या 76 पर्यंत फर्ममधून 12 लाख उचलत राहावं लागेल. मग मुलाला धंदा देणार कधी? तो 44 वर्षांचा झाल्यावर? ज्या निवृत्तीसाठी ही सगळी मांडणी चाललीय, तीच या पॉलिसीने दहा वर्षं पुढे ढकलली जाते.

आणि ते 2 कोटी. सोबत पाठवलेला ताळेबंद पाहिला. माल आणि येणी धरून 70 लाख. त्यातली तीन वर्षांपूर्वीची येणी बुडालेली समजा, पण तूर्त सोडून देऊ. मशिनरी कागदावर 50 लाख. जुनी लेथ आणि मिलिंग घ्यायला येणारा माणूस 30 देईल. एकूण 1 कोटी, त्यातून कॅश क्रेडिटचे 40 लाख वजा, राहिले 60. त्यातले निम्मे भावाचे. तुमचे 30 लाख.

धंद्याची पुण्याई, तीस वर्षांचं नाव, याची वेगळी किंमत येईल असं तुम्ही म्हणाल. पण 12 लाखांत तुमची स्वतःची मजुरीही आहे. तुमच्या जागी मॅनेजर ठेवलात तर वर्षाला 8 लाख घेईल. मुलाचं काम करायला बाहेरचा सुपरवायझर 65 हजारांखाली यायचा नाही. तो फरक वर्षाला साडेतीन लाखांचा, निम्मा तुमच्या हिश्शातून. निव्वळ धंद्याचा म्हणून तुमच्या वाट्याला वर्षाला दोन-सव्वादोन लाख राहतात. त्याला कुणी कोटी मोजत नाही.

मोठी रक्कम आहे ती गाळ्यात. तुमच्या अंदाजाने दीड कोटी. तो तुमचा नाही. फर्मचाही नाही. वडिलांनी स्वकमाईतून घेतला असेल आणि ते मृत्युपत्राशिवाय गेले असतील, तर पत्नी, मुलगे आणि मुली सगळे सारखे वारस. हे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणाऱ्या 2005 च्या दुरुस्तीमुळे झालेलं नाही, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. आई गेल्यावर तिचा वाटाही तुम्हा तिघांत आला. म्हणजे गाळ्याचा तिसरा हिस्सा तुमचा, 50 लाख. तेवढाच भावाचा आणि तेवढाच बहिणीचा. 30 आणि 50 मिळून 80 लाख, तेही लोखंडात, उधारीत आणि न वाटलेल्या गाळ्यात.

इथे मी पत्र बाजूला ठेवून चहा प्यायला उठलो. स्वतःच्या मुलीवर अन्याय नको म्हणून तुम्ही 60 लाख भरायला निघालात, आणि त्याच पत्रात तुमच्या वडिलांच्या मुलीचे 50 लाख ‘ती सही करेल’ एवढ्या तीन शब्दांत निकालात काढलेत. सही करेलही. पण तिला आकडा सांगून विचारलंय का? हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, आणि पुढ्यात आलेला कागद ती न वाचता सही करेल हे गृहीत धरू नका. तिची मुलं तर नक्कीच वाचतील.

भावाबद्दल. तुम्ही दोघंच भागीदार आहात. दोनच भागीदार असले की एक गेल्यावर फर्म संपते. 1932 च्या भागीदारी कायद्यात याला पळवाट करारातून काढता येते, पण मागे किमान दोघे उरत असतील तरच. मुलगा आपोआप तुमच्या खुर्चीत बसत नाही. नवा भागीदार सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय येत नाही. बँकेचं खातं अडकतं, जीएसटीची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि मुलाच्या हातात येतो काकाकडून हिशेब मागायचा हक्क. नऊ वर्षं घाम गाळून त्याला मिळणार काय, तर काकावर दावा. ‘आमच्यात कधी वाद झालेला नाही’ हे वाक्य मला दर दुसऱ्या पत्रात भेटतं. भावाला दोन मुलगे आहेत. त्यांच्यासाठी त्यानेही मनात काही ठरवलं असेल, तुम्ही ठरवलंत तसंच.

काही वर्षांपूर्वी असंच एक कुटुंब माझ्यासमोर बसलं होतं. वडील म्हणाले, ‘हे सगळं याचंच आहे, वेगळं काय सांगायचं?’ मुलगा चाळिशीला आलेला. त्याने शांतपणे विचारलं, ‘मग बँकेच्या चेकवर माझी सही का चालत नाही?’ वडील माझ्या टेबलावरची व्हिजिटिंग कार्डं सरळ रचू लागले. बराच वेळ रचत होते. त्यांचा मुलगाही समजूतदारच होता. समजूतदार होता म्हणून बारा वर्षं गप्प बसला होता, आणि दोन ठिकाणी नोकरीचे अर्ज करून मोकळा झाला होता.

तेव्हा बोलायला लागा, पण सगळ्यांना जेवायला बोलावून एकदम जाहीर करू नका. सुरुवात पत्नीपासून. पत्रभर त्यांचा उल्लेख फक्त घराच्या कागदावर आहे, आणि तेच घर बँकेकडे तारण आहे. धंदा मुलाकडे गेल्यावर ते घर कुणाच्या कर्जासाठी तारण राहणार, हा प्रश्न आधी त्यांचा आहे. मग मुलगा, एकटा, वर्कशॉपच्या बाहेर कुठेतरी. ‘तुला सगळं देतोय’ असं म्हणून सुरुवात केलीत तर तो हो म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. ‘तुला हे चालवायचंय का, आणि नसेल तर काय करायचंय’ असं विचारा, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर चेहरा पाडू नका. त्याला नऊ वर्षं बाजारभावापेक्षा कमी पगार मिळालाय, ढोबळमानाने 25-30 लाख. वाटणीच्या हिशेबात ते कुठे बसतात हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. मुलीलाही तो आकडा कळू द्या, नाहीतर भावाला फुकट मिळालं असंच तिला वाटत राहील.

त्यानंतर भाऊ, 1994 चं भागीदारीपत्र समोर ठेवून. तो तयार असेल तर तुमच्या हयातीतच मुलाला तिसरा भागीदार करा, भावाच्या एखाद्या मुलाला यायचं असेल तर चौथा. एक भागीदार गेल्यावर फर्म चालू राहील आणि त्याच्या वारसांना पैसे कसे, किती वर्षांत द्यायचे, हे नव्या करारात लिहा. बहिणीकडे तुम्ही दोघे भाऊ मिळून जा, गाळ्याचं मूल्यांकन करून. तिला पैसे हवे असतील तर हप्ते ठरतील, भाडं हवं असेल तर भाडं. ती स्वखुशीने सोडत असेल तर तिला तिचा वकील घेऊ द्या.

मुलीशी शेवटी बोला, खरे आकडे हातात आल्यावर. कदाचित ती म्हणेल मला धंद्यातलं काही नको, आईचं घर तेवढं सोडवा. ती असं म्हणाली तर तिच्यासाठी सगळ्यात चांगली ‘पॉलिसी’ म्हणजे ते 40 लाखांचं कर्ज उतरवणं. त्यावर तुम्ही व्याजही भरताय, 5 टक्क्यांच्या कितीतरी वर.

मृत्युपत्र यानंतर, आधी नाही. दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळत नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या घरात करूनच घ्या. एफडीचा नॉमिनी मुलगा आहे म्हणजे ते 18 लाख त्याचे झाले असं धरू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलंय. शिवाय ते 18 लाख आधी तुमच्या दोघांच्या म्हातारपणाचे आहेत. धंद्याबाहेर तुमच्याकडे तेवढेच आहेत, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा घरखर्च. मुलगा फर्ममध्ये आल्यावर तुम्हाला दरमहा किती मिळणार हेही नव्या करारात लिहून घ्या. लाजू नका.

पॉलिसीचा कागद हातात आला की त्या तारखेपासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज थेट कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. एजंटच्या हातात देऊ नका, तो तीस दिवस तुमच्या घरी चहाच पीत बसेल.