त्रेचाळीसमधून अठरा गेले, तर पस्तीस कसे?

प्रश्न : माझा मुलगा यावल तालुक्यातील एका मराठी शाळेत चौथीत आहे. गोष्टी तो भराभर वाचतो. मात्र ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितो, ४३ वजा १८ चे उत्तर ३५ काढतो आणि बेरीज अजून बोटांवर करतो. शिकवणीच्या बाई रोज दहा वेळा पाढे लिहून घेतात, तरी सातचा पाढा येत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. त्याला गणिताची अध्ययन अक्षमता असेल का?
– एक आई

उत्तर : ताई, तुम्ही नेमकी उदाहरणे कळवलीत हे बरे झाले, कारण अडचण कोठे आहे हे गुणांवरून कळत नाही, चुकांवरून कळते. त्याने ८ मधून ३ आणि ४ मधून १ वजा केले, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला. दशक मोडून दहा एकक मिळतात, हे त्याला अजून उमगलेले नाही. अशी चूक अनेक मुले करतात आणि केवळ तिच्यावरून अक्षमता ठरत नाही. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना तो नंतर येतो, त्यामुळे ७२ होणेही समजण्यासारखे आहे. याच अडचणीपायी बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय दिला होता. त्यावर चर्चेपेक्षा थट्टाच अधिक झाली.

वर्गात ‘हातचा घेतला’ म्हणून पुढे जातात, पण तो आला कोठून हे मुलाला दिसत नाही. घरी दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे रबर लावून ठेवा, शेजारी तीन सुट्या काड्या ठेवा आणि त्याच्याकडे अठरा मागा. सुट्या आठ मिळत नाहीत म्हटल्यावर एका गठ्ठ्याचे रबर काढायचे त्याचे त्याला सुचू द्या. हे अंगवळणी पडल्यावरच वहीकडे वळा. पाढा दहा वेळा लिहिणे, आमच्या मते, थांबवावे. ‘पाच आठे चाळीस’ आणि ‘बे आठे सोळा’ मिळून ‘सात आठे छप्पन्न’ होतात, हे त्याला जोडून दाखवा. बोटांवर मोजण्यावरून रागावू नका.

दोन-तीन महिने असे शिकवूनही समोरच्या तीन-चार वस्तू त्याला न मोजता ओळखता येत नसतील, ३८ आणि ८३ मधील मोठी संख्या सांगताना तो अडखळत असेल किंवा ६ अधिक ३ साठी दर वेळी एकपासून मोजत असेल, तर डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे गणिताच्या अध्ययन अक्षमतेची, तपासणी लांबवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आधी डोळे व कान तपासून घ्या, मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेच्या विशेष शिक्षकांना भेटा. जाताना त्याची गणिताची वही, चुका न खोडता, सोबत न्या.