त्रास की त्रासन?

चिरंजीव पोरीस,
अनेक आशीर्वाद.

लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती संपवून तू ऐकायला बसलीस, हे वाचून बरं वाटलं. सोबतची चार पानं पाहिली. टिपणं नेटकी आहेत, पण त्यांत एकदाही रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिलेली नाही. 'काका बदलीवर लागले', म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी कामाला लागले, हे त्या दीड तासात नेमकं कुठे येतं? मला तर ते शोधायला सगळी फाइल ऐकावी लागेल.

माझी फजिती सांगतो. एका आजोबांच्या मुलाखतीवरून मी लिहून ठेवलं होतं, 'पहिली सहा वर्षं त्रासात काढली.' पुढे लेखात त्यावर मालकांचा जाच वगैरे असा अख्खा परिच्छेद रचला. छापायला द्यायच्या आधी एकाने विचारलं, नेमके शब्द काय होते? वेळ लिहिलेली नव्हती. पावणेदोन तासांची फाइल पहिल्यापासून लावून बसलो. तासाभराने आजोबा बोलले, "पयली सा वर्सं त्रासनात काडली." त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं! त्याच्या पुढचंच वाक्य तिथल्या सोबत्यांच्या मस्करीचं होतं. परिच्छेद केराच्या टोपलीत गेला.

तर, वेळ टाक. हाताने आकडे लिहू नकोस, कंटाळशील आणि चुकशील. ओट्रान्सक्राइब हे रेकॉर्डिंग ऐकत लिहून काढायचं साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि आवाजाची फाइल तुझ्याच संगणकावर राहते. एस्केप दाबलं की थांबतं, कंट्रोल-जे दाबलं की चालू वेळ मजकुरात येते आणि त्या वेळेवर क्लिक केलं की आवाज तिथे जातो. फक्त लिहिलेलं ब्राउझरमध्येच साठतं, म्हणून उठताना एक्स्पोर्ट करायचंच. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर वापरत असशील तर चालू आवाजावर कंट्रोल-एम दाबून लेबल टाकता येतं.

आता, वेळ कुठे टाकायची? दर मिनिटाला टाकलीस तर कागदावर आकडेच दिसतील. विषय वळला, नवं नाव आलं, भोंगा, साचा (म्हणजे माग), जॉबर (म्हणजे मुकादम) असा कामाचा शब्द आला, की टाक. ऐकून कळलं नाही तिथे तर हमखास टाक आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेव. तिथे अंदाजाने शब्द भरलास तर माझी गत होईल. बोलता बोलता माणूस गप्प झाला तर तीही जागा लिही. 'संप फसला' आणि पुढचं वाक्य यांच्यात वीस सेकंदं गेली असतील, तर ती वीस सेकंदंही मुलाखतच आहे.

आणखी एक. वाक्य महत्त्वाचं आहे हे कळेपर्यंत ते निम्मं होऊन गेलेलं असतं. म्हणून पाच सेकंदं मागे जाऊन मग वेळ टाकायची.

शब्द त्यांचेच ठेव. ते 'संपाच्या आदी' म्हणाले तर तसंच लिही. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला हे तुला ठाऊक आहे, पण ते तुझं ज्ञान. चौकटी कंसात टाक. नाहीतर वर्षभराने तुलाच वाटेल की तारीख त्यांनी सांगितली.

फायलींचं थोडं कंटाळवाणं, पण ऐक. मूळ फाइल कापायची नाही. सुरुवातीचं 'चहा घेता का' छान नाही वाटलं म्हणून दोन मिनिटं उडवलीस, की पुढच्या सगळ्या वेळा दोन मिनिटांनी खोट्या. कित्येक रेकॉर्डर 2 जीबी झाली की फाइल तोडतात, 44.1 किलोहर्ट्झच्या 16 बिट स्टिरिओ वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलीत, ते साधारण 3 तास 20 मिनिटांनी होतं आणि दुसऱ्या तुकड्याची वेळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून वेळेआधी तुकड्याचा क्रमांक लिही. एमपीथ्री बदलत्या बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला कमीजास्त डेटा साठवणारी असेल तर काही प्लेअर वेळ अंदाजाने काढतात. तुझ्याकडे 41:10 ला असलेलं वाक्य माझ्याकडे 41:30 ला सापडेल. मला पाठवताना वेव्हच पाठव.

हे सगळं करून तासाभराच्या फाइलीला तीन-चार तास जातील. जाऊ देत. पण पहिल्यांदा ऐकताना काहीच लिहू नकोस, नुसतं ऐक. तेवढी चैन मी आजही करतो.

दुसऱ्या मुलाखतीची पहिली वीस मिनिटं अशी करून पाठव. आणि तो बदलीवाला प्रसंग कितव्या मिनिटाला आहे ते आजच कळव, मला ऐकायचाय.

तुझा,
सर